सहा होमरन झाल्यावर

आझाद मैदानात मुलांना ‘चिकाटी ठेव’ असं सांगणं मी सोडलं, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. त्याआधी उठता-बसता तेच सांगायचो. चेंडू हवा तिथं पडत नाही? चिकाटी ठेव. संघात नाव लागलं नाही? चिकाटी ठेव. यात सांगणाऱ्याचं काही जात नाही, आणि पोराच्या आईवडिलांना वाटतं, सर किती पोटतिडकीनं शिकवतात. माझी ही सवय मोडली ती एका अमेरिकन बेसबॉलपटूनं. त्याचं नाव आर. ए. डिकी.

२०१२ च्या सप्टेंबरात मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं न्यूयॉर्कला होतो, क्वीन्समध्ये. बाळंतिणीच्या घरात आजोबाला काम नसतं. आजी सगळं करते आणि आजोबा नेमका तिच्या पायात येतो. जावयानं ते ओळखलं असावं. २७ तारखेच्या गुरुवारी दुपारी त्यानं शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांबरोबर मला सात नंबरच्या लोकलनं मेट्स संघाच्या मैदानावर, सिटी फील्डवर, धाडून दिलं. “आज डिकी टाकणार आहे, मोसमातला विसावा विजय मिळवायला,” एवढंच शेजाऱ्यांनी गाडीत सांगितलं. विसावा म्हणजे किती मोठी गोष्ट, हे मला कळायचं कारण नव्हतं.

पिचर म्हणजे आपला गोलंदाज, इथवर माझं ज्ञान होतं. पण हा गोलंदाज धावत येत नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहून साठ फूट सहा इंचांवरून चेंडू फेकतो. कोपर वाकवायची पूर्ण मुभा, आणि चेंडूला टप्पा नाही. टप्पाच नाही म्हटल्यावर मी मनात म्हटलं, मग यात उरलं काय? आमची सगळी विद्या टप्प्याची.

बाकीच्या पिचरांचे चेंडू ताशी १४५-१५० किलोमीटरनं सुसाट येत होते. सदतीस वर्षांचा, दाढीवाला डिकी मात्र सव्वाशेच्या आसपास टाकत होता. आणि घरात शिरलेल्या वटवाघळाला झाडूनं हाणावं तशी समोरचे फलंदाज बॅट फिरवत होते. मागच्या कॅचरच्या हातात सुपाएवढा ग्लोव्ह होता, कारण हा चेंडू कुठं जाईल याचा भरवसा त्यालाही नव्हता. मोठ्या पडद्यावर एक चेंडू संथ गतीनं पुन्हा दाखवला, तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. चेंडूची शिवण जागच्या जागी दिसत होती. चेंडू फिरतच नव्हता.

उभा जन्म मी पोरांना चेंडू फिरवायला सांगितलं. इथं एक माणूस चेंडू फिरू नये म्हणून धडपडत होता, आणि त्याच्यासाठी सगळं मैदान उभं राहिलं होतं. त्यानं त्या दिवशी तेरा फलंदाज नुसत्या चेंडूवर चकवून बाद केले. मेट्स ६-५ असा जिंकला.

या चेंडूला नकलबॉल म्हणतात. नाव बोटांच्या पेरांचं, पण धरतात तो नखांनी. पहिल्या दोन बोटांची नखं शिवणीपाशी रोवायची, मनगट ताठ ठेवायचं आणि चेंडू हातातून सोडताना त्याला गिरकी लागू द्यायची नाही. समोर पोचेपर्यंत तो जेमतेम एखादा वळसा घेतो. शिवण वाऱ्याच्या ज्या बाजूला येईल तशी हवा त्याला ढकलते. मग तो डावीकडे सरकतो, नाही तर उजवीकडे, नाही तर शेवटच्या क्षणी खाली बसतो. थोडी जास्त गिरकी लागली, की तोच चेंडू फलंदाजाला ताटात वाढल्यासारखा मिळतो. २०११ च्या विश्वचषकात आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खाननं नकल बॉल टाकून भले भले चकवले, तो याच घराण्यातला. पण झहीरच्या भात्यात तो एक बाण होता. डिकीचा भाता बहुतेक या एकाच बाणाचा होता.

हे सगळं मला नंतर कळलं. त्याच वर्षी त्याचं आत्मचरित्र आलं होतं. मुलीच्या घराजवळच्या लायब्ररीतून ते आणलं आणि बाळ झोपलेलं असताना वाचून काढलं. तेव्हा मला माझ्याच मैदानावरचे लोक त्यात दिसायला लागले.

डिकी नॅशव्हिलचा, जन्म १९७४ चा. टेनेसी विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी आणि वेगवान पिचर. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये अमेरिकन संघाला कांस्यपदक मिळालं, त्यात तो होता. त्याच वर्षी टेक्सास रेंजर्स संघानं त्याला पहिल्या फेरीत निवडलं आणि करारापोटी ८ लाख १० हजार डॉलर देऊ केले. मग एका मासिकाच्या मुखपृष्ठावर ऑलिंपिक संघातल्या पिचरांचा फोटो छापून आला. त्यात डिकीचा उजवा हात जरा विचित्र लोंबकळत होता. संघाच्या माणसांना शंका आली, तपासण्या झाल्या, आणि निष्पन्न असं झालं, की कोपराच्या आतल्या बाजूला जो अस्थिबंध पिचरचं सर्वस्व असतो, तो याच्या हातात नव्हताच. दाराची मूठ फिरवतानासुद्धा याचा हात दुखायला हवा, असं डॉक्टरांचं मत पडलं. करार मागे घेतला गेला. शेवटी ७५ हजार डॉलरवर बोळवण झाली.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही प्रेरणादायी व्याख्यानात खपेल. हात अधू, पण हिंमत हरला नाही, चिकाटी ठेवली आणि शिखर गाठलं. टाळ्या. घोटाळा असा, की चिकाटीनं डिकीला कुठंच नेलं नाही. १९९६ पासून २००५ पर्यंत तो तोच वेगवान चेंडू टाकत राहिला. २००१ मध्ये मुख्य लीगमध्ये पोचला, पुन्हा खाली गेला, पुन्हा वर आला. सगळी खटपट एका मध्यम दर्जाच्या पिचरची होती, आणि वय तर वाढतच होतं. हळूहळू वेगही ओसरला. नऊ वर्षांच्या चिकाटीचं फळ हे.

२००५ मध्ये रेंजर्सचे मॅनेजर बक शोवॉल्टर आणि पिचिंग कोच ओरेल हर्शायझर यांनी त्याला बोलावून घेतलं आणि तोंडावर सांगितलं, की वेगवान पिचर म्हणून तुझं इथं भवितव्य नाही. तुझ्याकडे एक वेगळा चेंडू आहे, खालच्या लीगमध्ये जा आणि पूर्णवेळ तोच टाक. तो वेगळा चेंडू डिकी अधूनमधून टाकायचा. त्याला काय म्हणावं हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं, ‘ते काहीतरी’ एवढंच तो म्हणायचा. ते काहीतरी म्हणजे नकलबॉल होता. तिशीतल्या माणसाला त्याच्या वरिष्ठांनी सांगितलं, की जे तुला येतं असं तू समजतोस ते सोड, आणि जे तू गंमत म्हणून करतोस ते धर.

हे वाचताना मला १९८४ चा पावसाळा आठवला. मी बँकेच्या संघाचा मध्यमगती गोलंदाज, वय सत्तावीस. कांगा लीगच्या ओल्या विकेटवर माझ्यासारख्यांचं बरं चालायचं, एरवी कुणी विचारत नसे. पाठ गेलेली. सामन्याच्या आदल्या रात्री आई गरम विटेनं शेकायची आणि सकाळी मी कण्हत नऊच्या आत मैदानात. प्रॅक्टिस संपल्यावर, पोरं बॅगा भरत असताना, मी हुक्की आली की दोन पावलांवरून ऑफब्रेक टाकायचो. बरे पडायचे. एकदा आमचा विकेटकीपर म्हणाला, “अरे, हेच टाक की!” मी हसण्यावारी नेलं. वेगवान गोलंदाजानं फिरकी टाकायची म्हणजे म्हातारपण कबूल करायचं, असं मला वाटायचं. कप्तान, कोच, सगळे एकच सांगत राहिले, चिकाटी ठेव. आणखी चार वर्षं मी चिकाटी ठेवली. मग पाठ कायमची गेली. मी वाईट गोलंदाज होतो हे कुणी मला सांगितलं नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं. सांगितलं असतं तर दोन दिवस रडलो असतो आणि तिसऱ्या दिवशी ऑफब्रेक टाकायला लागलो असतो.

डिकीची लाज तर चारचौघांसमोर निघाली. ६ एप्रिल २००६. नवा चेंडू घेऊन रेंजर्सच्या घरच्या मैदानावर डेट्रॉइटविरुद्धची पहिली परीक्षा. सुमारे सव्वातीन इनिंग्जमध्ये त्याच्या सहा चेंडूंवर होमरन बसले. होमरन म्हणजे थेट प्रेक्षकांत. एका सामन्यात एका पिचरला सहा, हा आधुनिक काळातला नकोसा विक्रम, आणि त्यातल्या त्याच्या जोडीदारांपैकी एक म्हणजे बोस्टनचा टिम वेकफिल्ड, तोही नकलबॉलवालाच. त्यानंतर डिकीची रवानगी पुन्हा खालच्या लीगमध्ये. रेंजर्सकडून तो मुख्य लीगचा सामना पुन्हा कधी खेळला नाही.

आपल्याकडे गोष्ट इथं संपली असती. तिथं ती संपली नाही, याचं कारण डिकीच्या स्वभावात थोडं आणि व्यवस्थेत जास्त आहे, असं माझं मत आहे. मुख्य लीगच्या खाली तिथं मायनर लीगची उतरंड असते. पगार बेताचा, प्रवास बसचा, भाड्याची घरं बदलून बदलून बायकापोरांचे हाल. पण सामने खरे असतात, आणि नवा चेंडू शिकताना मार खायला जागा असते. डिकी नॅशव्हिलला खेळला. सिॲटल, मिनेसोटा असे संघ बदलत गेला. २०१० मध्ये मेट्सकडे आला तेव्हाही सुरुवातीच्या शिबिरातून आधी त्यालाच खालच्या लीगमध्ये पाठवलं. मग बफेलोला, खालच्या लीगच्या एका सामन्यात, पहिल्या फलंदाजाला त्याच्याकडून हिट मिळाली आणि पुढचे सत्तावीसच्या सत्तावीस त्यानं ओळीनं बाद केले. तेव्हा कुठं वरून बोलावणं आलं. वय पस्तीस.

दुसरी गोष्ट म्हातारे. चार्ली हफ हा निवृत्त नकलबॉलवाला. त्यानं डिकीची चेंडूवरची पकड बदलली आणि सांगितलं, की दाराच्या चौकटीत उभा आहेस असं समज, हातपाय चौकटीला न लागता चेंडू बाहेर गेला पाहिजे. वेकफिल्ड तेव्हा खेळत होता, प्रतिस्पर्धी संघातून. त्यानंही हातचं न राखता आपली सरावाची पद्धत दाखवली. ३१८ विजय मिळवणाऱ्या फिल निएक्रोनं कमरेचा वापर शिकवला. निएक्रोला हा चेंडू त्याच्या खाणकामगार वडिलांनी शिकवला होता. या चेंडूचे जाणकार कायम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, म्हणून असेल, पण त्यांच्यात गाण्याच्या घराण्यासारखी आपुलकी आहे. घराण्यात मात्र गुरू शिष्याला दुसऱ्या घराण्याकडे जाऊ देत नाही; इथं तिघांनी मिळून एकाला घडवलं.

मध्ये एक प्रसंग आहे. जून २००७. संघ ओमाहाला आलेला, हॉटेलसमोर मिसुरी नदी. पोहून पार करून दाखवतो, असं डिकी सहकाऱ्यांना म्हणाला आणि उतरला. प्रवाहानं त्याला असा ओढला, की तो मरायलाच टेकला होता. मधूनच मागे फिरला, कसाबसा काठाजवळ आला, आणि एका सहकाऱ्यानं हात देऊन वर काढला. नदी पार केली असती तर आपण त्याचे पोवाडे गायले असते. तो मागे फिरला म्हणून जगला. त्यानंतर त्याचा उरलेला मोसम खूप चांगला गेला, आणि तो स्वतः त्या नदीला आपलं वळण मानतो.

कुणी म्हणेल, अहो, पण सहा होमरन खाऊनही तो चेंडू टाकत राहिला, ती चिकाटी नव्हे तर काय? आहे ना. मी कुठं नाही म्हणतो? पण ती चिकाटी आली ती आधीचं ओझं खाली ठेवल्यावर. नऊ वर्षांची कमाई, ‘मी वेगवान आहे’ ही ओळख, ऑलिंपिकचा तोरा, हे सगळं टाकून. चुकीच्या गाडीत बसलेल्या माणसाला ‘बसून राहा, स्टेशन येईल’ म्हणण्यात काय अर्थ आहे?

आणि ही फक्त परदेशातली चैन नव्हे. प्रवीण तांबे आपला, मुंबईचा. सुरुवातीला तोही मध्यमगती गोलंदाज होता. ओरिएंट शिपिंगच्या संघात असताना कर्णधारानं त्याला लेगस्पिन टाकायला सांगितलं. तांबे २०१३ मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी राजस्थान रॉयल्सकडून आयपीएलमध्ये उतरला, त्याच वर्षी मुंबईकडून रणजी खेळला, आणि २०१४ मध्ये कोलकात्याविरुद्ध त्यानं हॅटट्रिक घेतली. त्याच्यावर सिनेमाही निघाला. तो बघून लोक चिकाटीचं कौतुक करत होते. मला मात्र तो कर्णधार आणि ती कंपनीची टीम दिसली. ऑफिसचा संघ, महिन्याचा पगार, टाइम्स शील्डचे सामने, शनिवार-रविवारची क्लब मॅच, ही आपली मायनर लीग होती. चाळिशीपर्यंत माणूस तिथं काहीतरी नवं करून बघू शकायचा. माझ्या डोळ्यांदेखत ती आटली. बँकांनी खेळाडू घेणं कमी केलं, कंपन्यांचे संघ एकेक करून बंद झाले. त्याऐवजी अकादम्या आल्या. तिथं चौदाव्या वर्षी निवड होते, सोळाव्या वर्षी निकाल लागतो आणि अठराव्या वर्षी बाप फीचा हिशेब मांडतो. एवढ्या घाईत चेंडू बदलायला कुणाला फुरसत आहे? म्हणून माझी मागणी साधी आहे. मुंबईच्या क्रिकेट संघटनेनं आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्या कंपन्यांनी तेविशीच्या पुढच्या, निवडीतून गळलेल्या मुलांसाठी संघ उभे करावेत आणि त्यांना पगार द्यावा. त्यातून दहा तांबे निघतील असा माझा दावा नाही. बहुतेक कुणीच निघणार नाही. पण आपल्यात काय होतं ते पोराला कळेल तरी.

डिकीचं पुढं काय झालं? २०१२ चा तो मोसम वीस विजय, सहा पराभव आणि नुसत्या चेंडूवर चकवून बाद केलेल्या २३० फलंदाजांवर संपला. सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला. नकलबॉल टाकणाऱ्याला तो पहिल्यांदाच मिळत होता. त्या मोसमाच्या आधी, जानेवारीत, तो किलिमांजारो चढून आला होता. दुखापत झाली तर करार मोडू शकतो, असं क्लबनं पत्रानं बजावलं होतं, तरीही. ती चढाई होती मुंबईसाठी, कामाठीपुऱ्यात देहविक्रीत अडकवलेल्या बायका-मुलींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला मदत म्हणून. आठ वर्षांचा असताना आपल्यावर लैंगिक अत्याचार झाले, हे त्यानं त्या आत्मचरित्रात उघड केलं. कित्येक वर्षं ते तो एकटाच वाहत होता. जानेवारी २०१३ मध्ये तो आपल्या दोन मुलींना घेऊन स्वतः कामाठीपुऱ्यात येऊन गेला. मी तेव्हा गिरगावात, चालत अर्ध्या तासावर. मला पत्ताही नव्हता.

२०१२ च्या मोसमानंतर तो टोरांटोकडे गेला, आणि तसा मोसम पुन्हा आला नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, तो पहिल्यांदा बाद फेरीत उतरला. समोर कोण, तर टेक्सास रेंजर्स, आणि तेही त्यांच्या मैदानावर, जिथं सहा होमरन बसले होते. टोरांटो ७-१ नं पुढं होता. विजय सुरुवात करणाऱ्या पिचरच्या नावावर लागायला त्याला पाच इनिंग्ज पुऱ्या कराव्या लागतात. डिकीला एक फलंदाज बाद करायचा बाकी होता, आणि मॅनेजरनं येऊन त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला. संघ जिंकला, विजय दुसऱ्याच्या नावावर. सिनेमावाल्यांनी हे असं लिहिलं नसतं. २०१७ मध्ये तो थांबला तेव्हा हिशेब होता १२० विजय, ११८ पराभव. दोनच विजय जास्त. मला हा आकडा पुरस्कारापेक्षा जास्त खरा वाटतो.

आता शेवटचं. माझ्याकडे डोंबिवलीहून एक मुलगा येतो, एकोणीस वर्षांचा. जलद गोलंदाज होता. पाठीच्या मणक्याला दोनदा बारीक तडा गेला. गेल्या दिवाळीनंतर मी त्याला कट्ट्यावर बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं, की तुझा वेग आता येणार नाही. लेगब्रेक टाकतोस तो मला आवडतो. तो आठ दिवस आला नाही. वडिलांचा फोन आला, सर, तुम्ही पोराचं मन मोडलंत. मी गप्प ऐकून घेतलं. नवव्या दिवशी तो आला आणि न बोलता चेंडू उचलला.

परवा सराव सामन्यात पहिल्यांदा त्याला लेगस्पिनर म्हणून टाकायला लावलं. पहिल्याच षटकात दोन चेंडू शेजारच्या पिचवर, तिसरा पार महापालिका मार्गाच्या बाजूला, चौथा आमच्या स्कोअररच्या टेबलावरून गेला. षटक संपल्यावर तो माझ्याजवळ आला, कान लाल झालेले.

“सर, बस करू का? चार सिक्स गेले.”

“चारच ना?” मी म्हटलं. “अजून दोन खायची मुभा आहे. जा, टाक.”